आज मोठं काहीतरी होतं

६ फेब्रुवारी

शहाणे,

फोन उचलत नाहीस म्हणून हे. पत्र कापता येत नाही, फार तर फाडशील. पण फाडायच्या आधी वाचशील, कारण तू पुडीचा कागदसुद्धा वाचल्याशिवाय टाकत नाहीस.

सुरुवातीला खुशाली लिहायची असते. आम्ही खुशाल नाही. मी दमले आहे. माझ्या अक्षराला हसू नकोस. तू शाळेत जायचीस तेव्हा मी दुकानात बाबांच्या मशीनपाशी बसून काजं-बटणं करत होते. हे टोमणा म्हणून लिहिलेलं नाही. बरं, टोमणा म्हणूनच लिहिलंय.

सांगायचं एवढंच, की बाबांना तुझ्याकडे ने. खालचं वाचलं नाहीस तरी चालेल.

डॉक्टर म्हणाला, गेलेली नजर परत येणार नाही, उरलीय तीही जाईल. उजव्या डोळ्याला उजेड आणि सावली कळते, डाव्याला नुसता धूर. शिंप्याच्या नशिबी हे यावं म्हणून मी आधी खूप चिडले, आता चिडायलाही अंगात जोर नाही. घरात ठेवून गेले तर भिंती चाचपत येरझाऱ्या घालतात. परवा गॅस सोडून काडेपेटी शोधत बसले होते. शेजारीण वास आला म्हणून धावत आली. मला म्हणते, "तुमचं लक्ष असायला हवं." हो बाई, एक डोळा घरी काढून ठेवते आणि दुसरा घेऊन कामाला जाते.

म्हणून सकाळी जाताना त्यांना धक्क्यावर सोडते, त्यांच्या नेहमीच्या दगडावर, मासे धरायची काठी आणि पाण्याची बाटली देऊन. हॉटेलच्या लॉन्ड्रीची गच्ची बरोबर समोर आहे. मी चादरी वाळत घालते आणि दोन चादरींच्या फटीतून त्यांची टोपी बघते. टोपी जागेवर दिसली की पुढची चादर. संध्याकाळी कोपराला धरून परत आणायचं, जिना चढवायचा, हातपाय धुवायला लावायचे, दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. मला आता वाटतं मी एक लांबलचक चादर घडी घालतेय आणि समोरचं टोक धरायला कुणी नाही.

मागच्या वेळी आलीस तेव्हा त्यांच्या तळहातात गळ रुतलेला बघितलास आणि सगळ्या धक्क्यासमोर माझ्यावर ओरडलीस, "मारायला आणतेस का यांना इथे?" पहिल्या बसने निघून गेलीस, ते आजतागायत. गळ कुणी काढला, जखम कुणी धुतली, विचारलंस? असो. त्याचा बंदोबस्त केलाय. आता त्यांचा गळ कुणालाच लागत नाही, त्यांना स्वतःलाही नाही.

ने त्यांना. मोठी खोली आहे तुझ्याकडे, नवराही गरीब आहे बिचारा, काही म्हणायचा नाही.

ताई


१९ फेब्रुवारी

शहाणे,

तुझं उत्तर आलं. दोन ओळी, त्यातही एक प्रश्न. मार्चात परीक्षा संपल्या की रविवारी येऊन नेशील, खोली रिकामी केलीस, छान. बाबांना अजून सांगितलं नाही. सांगेन.

तुझा प्रश्न, "बंदोबस्त म्हणजे नेमकं काय केलंस?" मला वाटलं होतं ती ओळ तुझ्या नजरेतून निसटेल. मास्तरीण ती मास्तरीणच.

त्यांच्या दोरीला गळ नाही. झालं समाधान?

कसं झालं ते ऐक. तू गेल्यावर थोड्याच दिवसांनी त्यांनी काठी मागे घेऊन दोरी फेकली आणि गळ न्हाव्याच्या कानात गेला. तुला आठवत असेल, तोच, दुकान बंद असलं की धक्क्यावर येतो, तोंड कात्रीसारखं चालतं. रक्त आलं, बाबा घाबरले, आणि हा शहाणा म्हणतो, "काकांनी माझा कान धरला म्हणजे चूक माझीच असणार." कान त्याचा होता म्हणून निभावलं. पण बाकीचे गोळा झाले. पोस्टातून निवृत्त झालेले ते गृहस्थ, ज्यांची छत्री मोठी, ते म्हणाले, "एकतर तुम्ही यांच्याजवळ बसा, नाहीतर यांना आणू नका." मी म्हटलं, "मी इथे बसले तर हॉटेलच्या चादरी तुमचं टपालखातं वाळवणार का?" पण त्यांचं म्हणणं काही खोटं नव्हतं.

मग मी गळ काढला. शिसं तसंच ठेवलं, म्हणजे दोरी बुडते. खाली कोळंबीचा तुकडा दोऱ्याने शिवून टाकते. नुसता बांधला तर लाटेत सुटतो, म्हणून बटणाला करतो तशी मान करते. आठवते ना मान? बटण आणि कापड यांच्यामधल्या दोऱ्याला घट्ट फेरे द्यायचे, म्हणजे बटण ताठ उभं राहतं आणि शर्ट फाटला तरी बटण तुटत नाही. बाबांनी दोघींना शिकवली होती. तुझी कायम सैल पडायची. असे तुकडे पहाटे शिवून डब्यात ठेवते, शेजारी जो कुणी बसलेला असेल तो बदलून देतो. बाबांना सांगितलंय की बोटांना टोचेल, तुम्ही हात लावू नका. सगळा धक्का सामील आहे, छत्रीवाल्यांसकट.

तुला वाटेल, मासा मिळत नाही हे त्यांना कळत कसं नाही. अगं, मासे घरी आणायची त्यांना कधी हौस होती? धरायचा, ओला हात करून उचलायचा, रंग बघायचा, सोडून द्यायचा. आई म्हणायची, "अहो, निदान एक तरी आणा, बाजारात पैसे मोजून आणते मी." आता मिळत नाही तर म्हणतात, "मासे शहाणे झालेत, धाकटीसारखे." पण ओढ लागते ना! छोटे मासे तुकडा कुरतडतात, तो फुगून चेंडू होणारा मासा आहे ना, तो तर चावून चावून दोरीला नाचवतो. काठीचं टोक हललं की बाबा उठून उभे राहतात.

एक बगळाही आहे. त्यांच्यापासून चार हातांवर उभा असतो, डब्यावर नजर ठेवून. बाबा त्याला इन्स्पेक्टर म्हणतात. "या साहेब, आज तपासणी?" तो खरोखरच झाकण उघडं राहिलं की तुकडा पळवतो. डॉल्फिन लांबून गेले की सगळे ओरडतात, बाबा विचारतात किती होते. असतात दोन, न्हावी सांगतो पाच.

संध्याकाळी घरी येताना जिन्यावर सांगतात, "आज मोठं काहीतरी होतं." हाताने दाखवतात, अशी ओढ, मग अशी ढील, मग पुन्हा अशी. मी विचारते, "मग? काय केलंत?" म्हणतात, "काय करणार, धीर धरला. पण गेलं सोडून." मी म्हणते, उद्या येईल. दोन मजले असे जातात.

आता तू म्हणशील ही फसवणूक आहे. तर म्हण. तुझ्या खोलीत बसून म्हणायला काय जातं.

ताई


४ मार्च

शहाणे,

ते पडलेले नाहीत, आधी एवढं वाच.

आज दुपारी फटीतून बघितलं तर टोपी नव्हती. टोपीच्या जागी माणसं होती, पाठमोरी, वाकलेली. मी हातातली चादर तशीच धरून जिना उतरले. रस्त्यात गाड्या थांबल्या, कारण माझ्यामागे ओली चादर फरफटत होती आणि मला पत्ता नव्हता. मुकादमीण गच्चीवरून ओरडत होती, ती चादरीसाठी. छत्रीवाले गृहस्थ लांबूनच हात हलवत होते, "पडले नाहीत, पडले नाहीत!" माणूस बरा आहे तो, मी उगाच तोंड सोडलं होतं.

बाबा दगडावर बसलेले, बाही वर केलेली, आणि मनगटापासून कोपरापर्यंत ऑक्टोपस. जिवंत. आधी तपकिरी होता, मी बघेबघेपर्यंत पांढरट झाला, परत तपकिरी. न्हावी त्याचा एकेक हात उचकटत होता, टप टप आवाज यायचा, एक सुटला की दोन चिकटायचे. "सासुरवाडी आहे काका ही," तो म्हणत होता, "एकाला सोडवावं तर दोन येऊन बसतात." आणि बाबा हसत होते. तू तो चेहरा आता विसरली असशील. आपण लहान असताना पुरात वाहून आलेलं कासव दाखवायला दुकान बंद करून घेऊन गेले होते, तो चेहरा.

त्याला गळाची गरज लागत नाही, शहाणे, हे माझ्या डोक्यात आलंच नव्हतं. त्याने कोळंबी मिठीत घेतली आणि ती सोडायलाच तयार नाही. बाबांना जड लागलं, त्यांनी रीळ गुंडाळत नेलं, आणि तो तसाच लटकत वर आला. कित्येक महिन्यांनी त्यांच्या दोरीला खरंच मोठं काहीतरी होतं.

मग बाबा म्हणाले, "ओढू नका त्याला. गळ तोंडात रुतला असेल, फाटेल. आधी मी गळ काढतो."

न्हाव्याने हात मागे घेतले आणि माझ्याकडे बघितलं. छत्रीवाल्यांनीही.

मी म्हटलं, "बाबा, मी काढते."

"तू कधी आलीस? थांब, हे माझं काम आहे."

दोरीवरून बोटं खाली नेत नेत शिशापर्यंत आली, तिथून पुढे. कोळंबीचा चोथा त्या प्राण्याच्या पोटाखाली होता. बोटं आत गेली, पुढे गेली, मागे आली. पुन्हा पुढे गेली. मग त्यांना दोऱ्याची मान लागली आणि अंगठा तिच्यावरच थांबला. तुला माहितीये ते कसे बोट फिरवायचे, शर्ट कुठल्या शिंप्याकडचा ते न बघता सांगायचे.

म्हणाले, "मान चांगली ताठ झालीय."

दुकानात म्हणायचे ना, अगदी त्याच आवाजात. मग म्हणाले, "सोडा त्याला."

न्हाव्याने समुद्राच्या पाण्याची बादली आणली, त्यात हात बुडवून ठेवला, तेव्हा तो आपणहून सुटला. पाण्यात ओतला तर दगडांच्या सांदीत असा शिरला की हाडं नाहीतच अंगात. बाबांच्या हातावर लाल गोल ठसे उठलेत, लहानमोठे, ओळीने. मी तेल चोळायला गेले तर म्हणाले, दुखत नाहीये.

आज जिन्यावर काहीच बोलले नाहीत.

ताई


९ मार्च

धाकटे,

तेव्हापासून ते धक्क्यावर गेलेले नाहीत. सकाळी टोपी पुढे केली, म्हणाले, आज नको. दुसऱ्या दिवशीही आज नको. भांडत नाहीत, रुसत नाहीत, ताट ठेवलं की जेवतात. पलंगाच्या कडेला बसतात, हात मांडीवर. शेजारणीला सांगून ठेवलंय, ती मधूनमधून येऊन बघते आणि मला रोज सांगते की तिने बघितलं.

काल म्हणाले, "धाकटीला कळव, मी यायला तयार आहे."

मी त्यांना सांगितलंच नव्हतं तू येणार म्हणून. तुझी पाकिटं येतात, मी रात्री लिहिते, पेनाचा आवाज येतो, नजर गेलीय पण डोकं शाबूत आहे त्यांचं.

मी ओरडले. तुला माहीत आहे मी कशी ओरडते. म्हटलं, बोला ना काहीतरी, शिव्या द्या, काठी फेकून मारा, पण असे भिंतीसारखे बसू नका. तर म्हणाले, "गळ काढलास त्याचं काही नाही गं. न्हाव्याचा कान आहे तो, मीही काढला असता." मग म्हणाले, "पण रोज संध्याकाळी मी सांगायचो, आणि तू विचारायचीस, मग काय केलंत. ते विचारायला नको होतंस."

मला सांगता आलं नाही, तुला लिहिते. मी गंमत करत नव्हते. लॉन्ड्रीत मशीनचा आवाज असतो, दिवसभर एकमेकींना हातवाऱ्यांनी सांगायचं, पकड, झटक, घडी. कुणी धड वाक्य बोलत नाही. संध्याकाळी ते दोन मजले मला हवे असायचे. गळ नाही हे मला माहीत असायचं आणि तरी मी विचारायचे, कारण पुढे काय झालं ते मला ऐकायचं असायचं. हे खरं आहे, पण आता कोण ऐकणार. मी सांगितलं तर म्हणतील, बरं.

म्हणून लिहिते की येऊ नकोस. आधी ने म्हणत होते, आता नको म्हणते, डोकं फिरलंय म्हण. मुकादमिणीशी बोलले, सोमवारची सुट्टी आहेच, शिवाय दिवसाच्या पाळीऐवजी पहाटेची घेईन, म्हणजे उरलेला दिवस त्यांच्याजवळ बसता येईल. खरा गळ लावेन, दोरी फेकायची मी, काठी धरायची त्यांनी. झोप काय, मेल्यावर आहेच.

येऊ नकोस. कळव.

ताई


१६ मार्च

धाकटे,

तुझं पत्र मिळालं. तुझ्या पत्रात मला बोल नाहीत, त्यामुळे दोनदा वाचलं, वाटलं दुसऱ्या कुणाचं आलं.

काल सोमवार होता. बाबांना म्हटलं, चला, माझ्यासाठी चला. आले. इतक्या सहज आले की मलाच बरं वाटेना. खरा गळ लावला, त्यांच्या हातात दिला, चाचपून घ्या म्हटलं. त्यांनी चाचपला नाही. "असेल," म्हणाले.

दोरी मी फेकली. मला फेकता येत नाही, पहिल्यांदा माझ्याच परकराजवळून गेली. न्हाव्याने दोन्ही कान हातांनी झाकले. बाबा थोडे हसले. वारा पडला होता, पाणी स्वच्छ होतं, खालचे दगड दिसत होते. इन्स्पेक्टर आला, डबा तपासून गेला. सगळे फार गोड बोलत होते, छत्रीवाल्यांनी छत्री देऊ केली. तेच वाईट. आजारी माणसाशी बोलतात तसं चाललं होतं.

थोड्या वेळाने आमच्या पायाखालीच फुस्स असा आवाज झाला. मी दचकले. कासव होतं. एवढं जवळ मी कधी बघितलं नाही. परातीपेक्षा मोठी पाठ, तिच्यावर पांढरे शंख चिकटलेले, शेवाळ उगवलेलं, पुढचा एक पंख अर्धा तुटलेला, जुना, जखम भरून गेलेली. डोकं वर काढून श्वास घेत होतं, म्हाताऱ्या माणसाने खुर्चीत बसताना घ्यावा तसा. बाबांनी आवाजाच्या दिशेने तोंड वळवलं.

"काय आहे?"

मी सांगितलं. होतं तसं सांगितलं, धाकटे, एक अक्षर वाढवलं नाही. शंख सांगितले, शेवाळ सांगितलं, तुटलेला पंख सांगितला. न्हावी म्हणाला, "काका, खरंच आहे हो, शपथेवर." छत्रीवालेही म्हणाले, आहे. बाबा मान हलवत होते. हं, हं. जसं मी जिन्यावर करायचे तसं.

तेवढ्यात मागून एक बाई चालली होती, फिरायला आलेली, हातात चपला. आमच्या ओळखीची नाही, पुन्हा कधी दिसणार नाही. बाबांनी तिच्या पावलांच्या आवाजाकडे हात केला.

"बाई, जरा इकडे याल? इथे खाली पाण्यात काही आहे का?"

ती वाकली. "अगंबाई! कासव! केवढं मोठं आहे हो!"

"पंख तुटलाय?"

"हो की. अर्धाच आहे बिचाऱ्याचा."

ती गेली. आणि बाबांचा चेहरा उजळला. कासवाच्या बाजूला वळून, काठी बाजूला ठेवून, ते बुडी मारेपर्यंत ऐकत बसले. आवाज बंद झाल्यावर मला म्हणाले, "गेलं का?" आणि मी गेलं म्हटल्यावर थांबले. पुन्हा कुणाची पावलं येतायत का ते ऐकत होते.

रागावलेले नाहीत ते माझ्यावर. रागावले असते तर मी सांभाळून घेतलं असतं, राग माझ्या ओळखीचा आहे. त्यांना आता दिसत नाही आणि मी जे सांगते ते धरता येत नाही, मग त्या माणसाने उभं राहायचं कशावर? मी रोज शेजारी बसेन, खरा गळ लावेन, पहाटेच्या पाळीने मरेन, पण त्यांना दर वेळी वाटेवरून जाणारी बाई लागणार.

म्हणून ये. रविवारी येऊन ने त्यांना. यावेळी मी दमले म्हणून म्हणत नाही. दमले तर आहेच.

तुझ्या गावाला समुद्र नाही याचं मला वाईट वाटत होतं. काल रात्री विचार केला, खिडकी असेल, गल्ली असेल, मांजर, फेरीवाला, काहीतरी असेलच. ते जसं असेल तसं सांगत जा. वाढवू नकोस, बरं वाटावं म्हणून गाळू नकोस. दूध उतू गेलं तर गेलं म्हण. शर्टाला डाग पडला तर पडला म्हण. त्यांच्यावर चिडलीस तर चिडले म्हण, ते तुला जमतं, सगळ्या धक्क्याने ऐकलंय. औषधाच्या दोन बाटल्या आहेत, निळं झाकण सकाळचं. उजव्या बाजूने धर, डावीकडून हात लावला की दचकतात. जिना उतरताना पायरी संपली हे संपायच्या आधी सांग.

बसपाशी मी नसेन. लॉन्ड्रीत रविवारी मोठी धुलाई आहे, सुट्टी मिळत नाही, असं त्यांना सांगितलंय. धुलाई वगैरे काही नाही. हे तेवढं त्यांना सांगू नकोस.

ताई